नियत आणि माप : खान्देशचे पाणी आणि आपले पर्यावरणविषयक लेखन

मुस्लिम मराठी लेखनात पर्यावरण हा विषय आता नवा राहिलेला नाही. सोलापूरला १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा चर्चा होती ती ओळखीची आणि भाषेची. पाणी, माती, जंगल यांवर लिहिण्याची उसंत त्या पिढीला फारशी नव्हती. आज रमजानचे विशेषांक, सीरतवरील पुस्तिका, वार्षिकांतील वैचारिक लेख यांत हा विषय हमखास भेटतो. ही गोष्ट चांगलीच आहे. पण हे लेखन एकापाठोपाठ एक वाचत गेले की त्याचा साचा डोळ्यांत भरू लागतो.

साचा असा. आरंभी तापमानवाढ, वितळणारे हिमनग, आटणाऱ्या नद्या. मग इस्लामने हे सारे चौदा शतकांपूर्वीच सांगून ठेवले असल्याचे विधान. त्यापाठोपाठ खलीफा, अमानत, मीजान, इस्राफ हे चार शब्द. त्यांना जोडून वाहत्या नदीकाठीही वजूचे पाणी वाया घालवू नये ही हदीस आणि कयामत समोर दिसत असतानाही हातातले रोप लावून टाकावे ही दुसरी हदीस. शेवटी पाश्चात्त्य भोगवादावर टीका आणि दुआ. यातले एकही विधान चूक नाही. तरी लेख संपल्यावर वाचकाच्या विहिरीत, शेतात किंवा लग्नमंडपात काहीच हललेले नसते. असे का होते, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की इस्राफ हा मापाचा प्रश्न आहे. किती घेतले, कोणाच्या वाट्यातून घेतले आणि मागे किती उरले, हे विचारल्याशिवाय तो शब्द उच्चारण्यात अर्थ नाही. आपले लेखन नियतीवर भर देते आणि मापाला बगल देते. हे तपासून पाहण्यासाठी जळगाव आणि धुळे हे दोन जिल्हे पुरेसे आहेत.

वजूपाशी थांबलेला विचार

वजूच्या हदीसचे मोल आम्ही कमी मानत नाही. पैगंबर (स.) सुमारे एक मुद्द पाण्यात, म्हणजे आजच्या हिशेबाने पाऊण लिटरच्या आसपास पाण्यात वजू करीत, अशी नोंद हदीसच्या प्रमाण संग्रहांत आहे. येथे उपदेशाबरोबर माप आलेले आहे, हे ध्यानात घ्यावे. आपल्या लेखांत हदीस येते आणि माप मात्र गळून पडते.

आपण एक साधा हिशेब मांडू. एका मशिदीत तीनशे नमाजी दिवसातून पाच वेळा वजू करतात आणि प्रत्येक वेळी प्रत्येकाकडून चार लिटर पाणी जास्तीचे वाहते, असे धरले तर दिवसाचे सहा हजार लिटर होतात. आता केळीची एक एकर बाग घ्या. त्यात दीड हजार झाडे आणि भर उन्हाळ्यात ठिबकने झाडाला रोज पंधरा लिटर पाणी धरले, तरी दिवसाला साडेबावीस हजार लिटर लागतात. म्हणजे अख्ख्या मशिदीने दिवसभर वाचवलेले पाणी पाव एकराच्या आसपास बागेला पुरेल. याचा अर्थ मशिदीतली तोटी उघडी सोडावी असा नाही. पण ज्या लेखात तोटीचा उल्लेख चार वेळा आणि बागेचा एकदाही नाही, त्या लेखाने प्रश्न जिथे आहे तिथे पाहिलेले नाही, एवढे तरी म्हटलेच पाहिजे.

कुरआनच्या बाबतीतही तेच. इस्राफसाठी आपले लेखक सूरह अल-आराफमधील आयत देतात, जिचा संबंध खाण्यापिण्याशी आहे. सूरह अल-अनआममधील १४१ वी आयत क्वचितच कोणी देतो. तिच्यात बागा आहेत, खजूर आहे, ऑलिव्ह आणि डाळिंब आहे, कापणीच्या दिवशी पिकातला हक्क देऊन टाकण्याचा आदेश आहे आणि त्याला लागूनच इस्राफची मनाई आहे. म्हणजे हा शब्द तिथे ताटातून शेतात गेलेला आहे. उश्रचा नियमही पाहावा. पावसावर आलेल्या पिकाला दहावा हिस्सा आणि कष्टाने पाणी ओढून आणलेल्या पिकाला विसावा. पिकाचे पाणी आले कोठून, हे विचारणारी ही परंपरा आहे. खान्देशातल्या शेतकऱ्याशी बोलायला याहून सरळ वाट कोणती? आपण ती सोडून जेवणाच्या ताटापाशीच घुटमळत राहिलो.

पाश्चात्त्यांना दोष देण्याची सवयही तपासायला हवी. सय्यद हुसेन नस्र यांनी १९६६ साली शिकागो विद्यापीठात दिलेली व्याख्याने १९६८ मध्ये ‘मॅन अँड नेचर’ या नावाने पुस्तकरूपात आली. निसर्गाकडे पवित्र म्हणून पाहण्याची दृष्टी हरवल्याने हे संकट ओढवले, हा त्यांचा सिद्धांत. विचार खोल आहे. पण आपल्याकडे येता येता त्याचे ‘दोष त्यांचा, उपाय आपला’ असे सोपे रूप झाले. सौदी अरेबियाने भूगर्भातले हजारो वर्षांपूर्वी साठलेले, पुन्हा न भरणारे पाणी उपसून गहू पिकवला आणि काही काळ तो निर्यातही केला. पाणी संपत चालले तेव्हा २००८ साली हळूहळू माघार घेण्याचा निर्णय झाला आणि २०१६ पर्यंत सरकारने देशी गव्हाची खरेदी थांबवली. त्या देशात इस्राफची आयत कोणाला ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल? आयत ठाऊक असणे आणि उपशाला मर्यादा घालणे ही दोन वेगळी कामे आहेत.

बागेतला पेच

सातपुड्याच्या पायथ्याशी रावेर, यावल, चोपडा ही केळीची पट्टी. डोंगरातून आलेले पाणी पायथ्याच्या दगडगोट्यांच्या आणि वाळूच्या थरांतून जमिनीत मुरते आणि तापीकडे सरकते. या मुरणाऱ्या पाण्यावर विहिरी जगल्या आणि विहिरींवर केळी जगली. जळगाव जिल्ह्यात पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास आणि केळी बारमाही पाणी मागणारी. राज्यातले केळीचे सर्वांत मोठे क्षेत्र याच जिल्ह्यात आहे आणि जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्याच वेळी रावेर आणि यावल हे तालुके भूजलाच्या सरकारी मोजणीत वर्षानुवर्षे अतिउपशाच्या यादीत राहिले. विहिरी कोरड्या पडल्या, त्यांच्यात आडवे-उभे बोअर मारले गेले, मग शेकडो फुटांच्या कूपनलिका आल्या.

ठिबक सिंचनाने हा पेच सुटेल असे सर्वांनाच वाटले. जळगाव तर ठिबकचे माहेरघर. ठिबकने प्रत्येक झाडामागचे पाणी निश्चितच वाचले. पण वाचलेले पाणी जमिनीत राहिले नाही. त्यावर आणखी एकर-दोन एकर बाग उभी राहिली. इंग्लंडमध्ये १८६५ साली विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स यांनी कोळशाबाबत हेच दाखवून दिले होते : इंजिन कमी कोळशात चालू लागले की इंजिने वाढतात आणि एकूण कोळसा जास्तच जळतो. काटकसर यंत्रात आली, पण ‘एकूण किती’ हा प्रश्न कोणी विचारला नाही, तर काटकसरच खपाला वाट करून देते.

दुसरा उपाय पाणी वाढवण्याचा. धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले खोल-रुंद करून बंधाऱ्यांच्या साखळ्या उभ्या राहिल्या. विहिरींना पाणी आले, हे तिथले शेतकरी सांगतात आणि ते खरे आहे. तापीच्या महाकाय पुनर्भरण योजनेसाठीही महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात मे २०२५ मध्ये करार झाला. ही कामे हवीत. परंतु भरणाऱ्याचा नियम आहे आणि उपसणाऱ्याला नियम नाही, अशी स्थिती असेल तर भरलेले पाणी किती दिवस टिकेल?

याच यावल तालुक्यातील फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले. गांधीजींच्या आग्रहावरून नंदलाल बोस यांनी तिथली सजावट बांबूसारख्या जवळपास मिळणाऱ्या साहित्यातून उभी केली. जवळचे वापरावे, पुरेल एवढेच वापरावे हा विचार या मातीने फार पूर्वी ऐकलेला आहे. विचार ऐकूनही तालुका अतिउपशाच्या यादीत गेला, यातच आमच्या म्हणण्याचा पुरावा आहे.

कुंडी आणि फड

जुन्या खान्देशाने पाण्याला माप कसे घातले होते, याची दोन उदाहरणे आहेत.

पहिले बुऱ्हाणपूरचे. आज ते मध्य प्रदेशात असले तरी फारुकी सुलतानांच्या काळी खान्देशची राजधानी तेच होते आणि रावेरहून ते हाकेच्या अंतरावर आहे. मोगल सुभेदार अब्दुर्रहीम खानखाना यांच्या काळात, १६१५ साली, तबकुतुल अर्ज या इराणी भूगर्भतज्ज्ञाने तिथे कुंडी भंडारा उभारला. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या भुयारात घ्यायचे, ओळीने खोदलेल्या कुंड्या त्याला जोडायच्या आणि उताराने ते शहरात आणायचे, अशी ही रचना. तिला पंप नाही. म्हणून डोंगर जेवढे झिरपू देईल तेवढेच पाणी मिळते. जास्त हवे म्हटले तरी घेता येत नाही. मर्यादा माणसाच्या चांगुलपणावर सोडलेली नाही, ती बांधकामातच आहे. रावेर-यावलची केळी याच डोंगराच्या पायथ्याचे पाणी पिते, फरक आहे तो विजेच्या पंपाचा.

दुसरे उदाहरण धुळे जिल्ह्यातल्या फड पद्धतीचे. पांझरेसारख्या नद्यांवर तीनचारशे वर्षांपासून दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि पाटाखालची जमीन फडांत वाटलेली असते. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. नदीला पाणी किती आहे ते पाहून यंदा कोणते फड भिजवायचे हे गावाने ठरवायचे. पाणी कमी असले की एखादा फड सर्वांनीच कोरडा सोडायचा. त्यात थोरामोठ्याची जमीन असली तरीही. देखरेखीला पाटकरी, जागल्या आणि हवालदार. हवालदार हा शब्द अरबी ‘हवाला’वरून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. ज्याच्या हवाली काही केले आहे, तो हवालदार. अमानत या शब्दावर पानेच्या पाने लिहिणाऱ्यांना पांझरेकाठचा हा अमानतदार दिसू नये, याचे आम्हांस नवल वाटते.

या व्यवस्थांचे आम्हांला भाबडे कौतुक करायचे नाही. कुंडी भंडाऱ्याचे पाणी प्रथम लष्कर आणि शहर यांच्यासाठी होते. फडात ज्याची जमीन त्याचे पाणी; भूमिहीनाला त्यात वाटा नव्हता. वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर पंप बसले आणि बरेच फड मोडले. तरीही एक गोष्ट उरते : या दोन्ही ठिकाणी ‘पुरे’ केव्हा म्हणायचे हे ठरलेले होते. आजच्या काळातही ते ठरवता येते, हे साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने दाखवले. तिथल्या आदिवासींनी १९९० च्या दशकात उजाड झालेले जंगल राखायला घेतले, झाड तोडणाऱ्याला दंड लावला आणि दंड खरोखर वसूल केला. जंगल परतले, त्यामागे विहिरींचे पाणीही आले. त्या कामाचे अग्रणी चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. बारीपाड्याने आधी नियम केला, व्याख्याने मागाहून झाली.

विहिरीचा हरीम

मापाची ही दृष्टी इस्लामी परंपरेत नाही असे कोणी समजू नये. ती आहे, आणि नेमकी विहिरीबाबतच आहे. फिकहमध्ये ‘हरीम’ नावाचा विचार आहे. एकाने विहीर खोदली की तिच्याभोवती ठरावीक अंतरात दुसऱ्याने खोदायचे नाही. चाळीस हात अंतर सांगणारी रिवायत इब्न माजाच्या संग्रहात आहे. पुढच्या फकीहांनी जमीन भुसभुशीत की कठीण, विहीर कशासाठी, यावरून अंतर कमी-जास्त करण्याची चर्चा केली. पाणी, गवत आणि अग्नी यांत सर्वांची भागीदारी मानणारी हदीस याच विचाराच्या मुळाशी आहे.

महाराष्ट्रात १९९३ च्या कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत विहीर खोदण्यावर निर्बंध आला. २००९ चा भूजल अधिनियम त्यापुढे गेला. साठ मीटरपेक्षा खोल जाण्यावर त्याने बंधन घातले. हरीम आणि हे कायदे एकाच प्रश्नाला उत्तर देतात : माझ्या जमिनीखालचे पाणी माझे एकट्याचे आहे काय? कायदा कागदावर राहिला, कारण गावात त्याच्या पाठीशी कोणी उभे राहिले नाही. हरीमचा मसला जुम्याच्या बयानात आला, तर यावलच्या एखाद्या शेतकऱ्याला नवी कूपनलिका मारण्यापूर्वी शेजाऱ्याच्या विहिरीची आठवण होईल. इस्तंबूलचा २०१५ चा हवामानविषयक जाहीरनामा आणि २०२४ मध्ये नैरोबीत प्रसिद्ध झालेला ‘अल-मीजान’ हा दस्तऐवज यांचे स्वागत आपल्या मंडळींनी केले, ते योग्यच. पण नैरोबीचा दस्तऐवज माहीत आणि शेजारच्या विहिरीचा हरीम माहीत नाही, ही स्थिती अभिमानाची नाही.

बहिणाबाईंचा शब्द

माणसाच्या हावेवर खान्देशात लिहिले गेलेले सर्वांत धारदार लेखन आमच्या मते बहिणाबाई चौधरींचे आहे. जळगावजवळच्या आसोद्याला १८८० मध्ये जन्मलेली ही निरक्षर शेतकरीण १९५१ साली वारली आणि पुढच्याच वर्षी तिची गाणी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापून आली. २०१८ पासून जळगावचे विद्यापीठ तिच्या नावाने ओळखले जाते. असे असूनही मराठी समीक्षेने तिला बहुधा ‘निसर्गकन्या’ म्हणून कोपऱ्यात बसवले. सुगरणीचा खोपा आणि मोट पाठ्यपुस्तकात गेली, आणि माणसावरचा तिचा राग मागे राहिला.

‘मानूस’ ही तिची कविता आमच्या वाचकांनी पुन्हा काढून वाचावी. तिच्यात गोठ्यातले जनावर एका बाजूला आणि पोटभर खाऊन उपकार विसरणारा माणूस दुसऱ्या बाजूला ठेवलेला आहे. जनावर जे घेते त्याची परतफेड करते. माणूस घेतच राहतो. हा निवाडा देताना ती जे शब्द वापरते त्यांत नियत आहे, इमान आहे, मतलब आहे. तिन्ही मूळचे अरबी. बहिणाबाईंना आपल्या खात्यात ओढण्याचा आमचा इरादा नाही. त्या लेवा शेतकरी कुटुंबातल्या, त्यांचे देव त्यांचे. मुद्दा निराळा आहे. खरीप, रब्बी, मशागत हे शब्द जसे अरबीतून येऊन खान्देशच्या शेतात रुजले, तसेच नियत आणि इमान हेही इथल्या मातीत मुरले. वखर, जाते, सूप हाताळणाऱ्या बाईने त्यांचा अर्थ आपल्या कामावर घासून घेतला. ‘तुझी नियत ठीक नाही’ असे तिने माणसाला सुनावले, तेव्हा तिच्यासमोर पेरणी, रगडणी, उपणणी ही कामे होती. प्रत्येक दाण्याचा हिशेब होता. आपल्या लेखनात नियत हा शब्द हृदयाशी जोडलेला असतो. बहिणाबाईंच्या कवितेत तो घेण्यादेण्याशी जोडलेला आहे. नियतीची परीक्षा मापावर होते, हे या अडाणी म्हणवल्या गेलेल्या कवयित्रीला नेमके कळले होते.

काय सोडायचे आणि कोणी?

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. खान्देशातला मुसलमान बहुतांशी बागायतदार नाही. तो धुळ्यात यंत्रमागावर आहे, केळीच्या घडांची तोडणी-भराई करतो, बागवान आहे, गॅरेजमध्ये आहे. ज्या मोहल्ल्यात अनेक दिवसांआड नळ येतो, तिथे पाणी जपून वापरा असे कोणी सांगायचे? गरिबाला काटकसर शिकवणे हा श्रीमंतांचा जुना छंद आहे, यात शंका नाही.

म्हणूनच मापाचा आग्रह. चौदाव्या शतकात ग्रॅनडाच्या इमाम शातिबी यांनी माणसाच्या गरजांच्या तीन पायऱ्या मांडल्या : जरूरियात, ज्यावाचून जगणे अशक्य, हाजियात, ज्यावाचून जगणे जिकिरीचे, आणि तहसीनियात, म्हणजे शोभेच्या गोष्टी. या पायऱ्या खान्देशच्या पाण्याला लावून पाहा. पिण्याचे पाणी आणि भाकरीचे धान्य पहिल्या पायरीवर. कर्ज फेडण्यापुरती लहान शेतकऱ्याची बाग दुसरीवर, तिला दूषण देता येणार नाही. शेजाऱ्यांच्या विहिरी कोरड्या करून वाढवलेली दहावी एकर तिसरीवर. वलीम्याचे उरलेले आणि उकिरड्यावर गेलेले अन्नही तिसरीवर, मग घर श्रीमंताचे असो की कर्ज काढून दावत देणाऱ्याचे. अशी विभागणी केली की मोहल्ल्यातल्या बाईची घागर आणि बागायतदाराची कूपनलिका एकाच उपदेशात कोंबता येत नाहीत. आपले लेखन ‘मानव’ नावाच्या एकाच आरोपीला समोर उभे करते. त्यात जास्त घेणारा सुटतो.

आणि तडवी? यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांत सातपुड्याच्या कुशीत राहणारे तडवी भिल्ल आदिवासी आहेत आणि मुसलमानही आहेत. खालच्या बागांचे पाणी ज्या डोंगरात मुरते, तो डोंगर त्यांच्या डोळ्यांसमोरचा. १९६९ साली यावल अभयारण्य झाले. जंगलावरचे निर्बंध वरच्या पाड्यांना आले आणि बागेवर निर्बंध कधीच आले नाहीत. इस्लाम आणि पर्यावरण या विषयावर मराठीत लिहायचे आणि त्यात तडवींचे नावही नसायचे, हा प्रकार यापुढे चालू नये.

आमची अपेक्षा मोठी नाही. पर्यावरणावर लिहिणाऱ्याने आयत आणि हदीस जरूर द्यावी. तिच्या शेजारी आपल्या गावच्या विहिरीची खोली द्यावी, ती दहा वर्षांपूर्वी किती होती ते द्यावे, पाणी कोण उपसतो आणि कोणाची कोरडी पडली ते विचारून लिहावे. रावेरच्या शाळामास्तराला, धुळ्याच्या वकिलाला, चोपड्याच्या तडवी तरुणाला हे काम जमण्यासारखे आहे. असे दहा लेख जमले तर ते एका वार्षिकाचे खरे भांडवल ठरेल, आणि जुम्याला मिंबरवर उभ्या राहणाऱ्या इमामालाही सांगण्यासारखे काही तरी हाती लागेल.